टांकसाळीची चूक की नंतरची इजा? : फारसी लेखांच्या नाण्यांचे वाचन

जुन्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागात नाण्यांची एखादी डबी बहुधा असतेच. कोणी देणगीदाखल दिलेले मोगल रुपये, हाली सिक्क्यांची मूठभर नाणी, कंपनी सरकारचे दोनचार रुपये असा तो ऐवज असतो. लेख फारसी असल्यामुळे डबी उर्दू विभागाकडे येते आणि तिच्याबरोबर एक ठरलेला प्रश्नही येतो : "यावर अर्धीच अक्षरे आहेत, हे चुकलेले नाणे आहे का?" अलीकडे या प्रश्नाला बाजाराची जोड मिळाली आहे. "टांकसाळीची चूक" हे शब्द उच्चारले की नाण्याची किंमत वाढते, हे विक्रेत्यांना आणि आपल्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक झाले आहे. पण इतिहासाच्या शिक्षकाला किमतीपेक्षा वेगळी चिंता असली पाहिजे. नाणे हा पुरावा आहे. त्यावरील वर्ष, टांकसाळीचे नाव आणि राजाचे नाव यांवरून आपण विधाने करतो. जे मुळात दोष नाही त्याला दोष म्हटले, किंवा पुढे झालेली इजा टांकसाळीच्या माथी मारली, तर त्या विधानांचा पायाच ढासळतो.

नाण्यावर तीन प्रकारच्या हातांचा संस्कार झालेला असतो. ठसा कोरणाऱ्याचा, छाप मारणाऱ्याचा आणि नाणे वापरणाऱ्यांचा. प्रत्येक विकृती यांपैकी कोणाच्या हातची, हे ठरविल्याशिवाय तिच्याविषयी काहीही लिहू नये. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे. मात्र ते पाळण्यासाठी लिपी, पंचांग आणि टांकसाळीचे कामकाज यांची थोडी ओळख लागते.

अबुल फज्लने "आईन-ए-अकबरी"त टांकसाळीतील कारागिरांची कामे नोंदविली आहेत. जर्राब हा धातूच्या कांबीतून नाण्याच्या आकाराच्या चकत्या शक्य तितक्या नेमक्या कापतो. मुहरकन पोलादावर ठसे कोरतो. दिल्लीचे मौलाना अली अहमद यांच्या कोरीव अक्षरांची तुलना अबुल फज्ल उत्तम खुशनवीसांच्या कित्त्याशी करतो. सिक्कची चकती दोन ठशांमध्ये ठेवतो आणि घण मारणाऱ्याच्या जोरावर दोन्ही बाजू एकदम उमटतात. या कामात यंत्र नाही. चकतीला चहूबाजूंनी अडविणारे कडे नाही. दोन ठसे एकमेकांशी ठराविक कोनात बसतील अशी सोयही नाही. शिवाय ठसा बहुतेक वेळा चकतीपेक्षा मोठा असे. म्हणजे पूर्ण लेख ठशावर होता, पण चकतीवर त्याचा जेवढा भाग मावला तेवढाच उमटला. तेव्हा मोगल किंवा मराठा रुपयावर अर्धे वाक्य कडेबाहेर गेले असेल तर तो दोष नव्हे, तो त्या पद्धतीचा स्वभाव आहे. कोणत्याही एका रुपयावर संपूर्ण लेख मिळत नाही. एकाच ठशाची चारपाच नाणी शेजारी ठेवून तो जुळवावा लागतो. ज्यात संपूर्ण लेख कडेसह मावला आहे असे नाणेच विरळा, आणि नजराण्यासाठी मुद्दाम मोठ्या चकतीवर पाडलेली नाणी सोडली तर तसे आढळल्यावर आधी संशय घ्यावा.

याचा अर्थ जे दिसत नाही ते सारे चकतीबाहेर गेले असाही नाही. औरंगजेबाच्या रुपयावर कलमा शोधणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. शाहजहानच्या नाण्यावर तो असतो, मग येथे तो झिजला किंवा कापला गेला असावा, असा त्यांचा तर्क असतो. वास्तविक औरंगजेबाने नाण्यांवर कलमा घालणेच बंद केले. हरतऱ्हेच्या हातांत फिरणाऱ्या वस्तूवर त्याची बेअदबी होऊ नये, हे कारण सांगितले जाते. तीच गोष्ट पहिल्या जुलूस वर्षाची. राज्यारोहणापासून मोजल्या जाणाऱ्या सनात पहिले वर्ष आकड्याने न लिहिता "अहद" या शब्दाने लिहिण्याची रीत होती. एकचा आकडा शोधणाऱ्याला तो सापडत नाही आणि नाणे "बिनवर्षाचे" ठरते.

आकड्यांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सर्वाधिक गोंधळ तेथेच होतो. फारसी आकड्यांत शून्य म्हणजे नुसते टिंब. मोगल नाण्यांच्या मोकळ्या जागा टिंबांनी आणि फुलांनी भरण्याची पद्धत असल्याने शून्य कोणते आणि नक्षी कोणती हे नवख्याला कळत नाही. सातचा आकडा वर उघडा, आठचा खाली उघडा. नाणे उलटे धरले की सातचे आठ होतात. दोन आणि सहा हे तर एकमेकांच्या आरशातील प्रतिमेच्या जवळ जातात. आता ठसा हा नेहमी उलटा कोरावा लागतो, म्हणजे नाण्यावर अक्षर सुलट येते. कोरणाऱ्याने एखादा आकडा चुकून सुलट कोरला तर तो नाण्यावर उलटा उमटणार. ही खरी टांकसाळीची चूक, आणि ती त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर जशीच्या तशी सापडली पाहिजे. ही कसोटी फार उपयोगाची आहे. ठशातील दोष सर्व भावंडांत असतो. एकाच नाण्यावर असलेला दोष छाप मारताना झालेला किंवा नंतरचा असतो.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कित्येक संस्थानी आणि मराठा टांकसाळींच्या नाण्यांवर फारसी लेख मोडकातोडका दिसतो. शाह आलमच्या नावातील अक्षरे सुटी पडतात, नुक्ते भलतीकडे जातात, "जुलूस" या शब्दाची नुसती वळणे उरतात. अशा नाण्यांवर "अशुद्ध" असा शिक्का मारून मोकळे होणाऱ्यांचे म्हणणे मला पटत नाही. फारसी न येणारे कारागीर जुन्या ठशावरून नवा ठसा पिढ्यान्‌पिढ्या उतरवून घेत होते, आणि घेणारा ग्राहकही लेख वाचून रुपया घेत नव्हता. तो खूण पाहत होता. पुण्याकडील रुपयावर अंकुश, होळकरांच्या मल्हारनगर टांकसाळीच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलपत्र, गायकवाडांच्या नाण्यावर तलवार आणि नागरी आद्याक्षर, ही खरी ओळख. बादशहाचे नाव हे मान्यतेचे चिन्ह म्हणून उरले होते. मोडलेली अक्षरे याची साक्ष देतात की लिपीची नक्षी झाली होती. हा सत्तांतराचा पुरावा आहे आणि त्याला चुकांच्या रकान्यात टाकणे म्हणजे तो हातचा घालविणे होय.

यापुढचा प्रश्न न जुळणाऱ्या वर्षांचा. मोगल पद्धतीच्या रुपयावर एका बाजूस हिजरी सन आणि दुसऱ्या बाजूस जुलूस वर्ष असते. दोहोंचा मेळ बसला पाहिजे. तो बसत नसेल तर दोन शक्यता संभवतात. पहिली साधी आहे. निहाईत बसविलेला खालचा ठसा अधिक टिके, घण सोसणारा वरचा लवकर झिजे. नवा ठसा जुन्या जोडीदाराबरोबर वापरला गेला तर दोन वर्षे एका नाण्यावर येतात. ही टांकसाळीतील ढिलाई म्हणता येईल. दुसरी शक्यता अधिक महत्त्वाची आहे, कारण तेथे वर्ष जाणूनबुजून गोठविलेले असते.

सराफ जुन्या वर्षाच्या रुपयावर बट्टा कापत. चालू वर्षाचा ताजा तो "सिक्का", त्याच राजाच्या कारकिर्दीतील आधीचा तो "चलनी", मागील राजांच्या काळातील तो "खजाना" अशी प्रतवारी मोगल काळात होती. वजन आणि कस तोच असला तरी वर्ष जुने म्हणून भाव कमी. (नावाला बट्टा लागणे हा वाक्प्रचार मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांनी याच दुकानातून उचलला, उर्दूत तर शुद्ध भाषेला आजही "टकसाली" म्हणतात.) बंगालमध्ये हा उपद्रव थांबविण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने शाह आलमचे १९ वे जुलूस वर्ष रुपयावर कायम ठेवले, आणि १७९३ च्या कायद्याने हाच "१९ सन सिक्का" प्रमाण ठरविला. सगळेच रुपये १९ सनाचे असले तर जुने कोणते आणि नवे कोणते? शाह आलमचे १९ वे वर्ष म्हणजे १७७७-७८ च्या सुमाराचा काळ. पण हे रुपये पुढे कित्येक दशके निघत राहिले, आणि "जर्ब मुर्शिदाबाद" असे शब्द असूनही ते कलकत्त्यास यंत्रावर छापले गेले. फर्रुखाबादी रुपयावर ४५ सन गोठला. सुरती रुपयावर हिजरी १२१५ आणि जुलूस ४६ अशी जोडी मिळते. ती जुळत नाही, कारण ४६ वे वर्ष हिजरी १२१८ च्या सुमारास येते. पण हा रुपया मुंबईच्या टांकसाळीत यंत्रावर निघालेला असतो आणि त्यावरील दोन्ही आकडे केवळ जुन्या ओळखीसाठी ठेवलेले असतात. मद्रास इलाख्याच्या अर्काटी रुपयावर तर दुसऱ्या आलमगीरचे नाव आणि हिजरी ११७२ हे वर्ष १८३५ पर्यंत टिकले. तो बादशहा १७५९ मध्येच मारला गेला होता. असा रुपया "चुकीच्या वर्षाचा" म्हणून दाखविला जातो तेव्हा त्याची कड पाहावी. कडेवर यंत्राने पाडलेल्या समान रेघा असतील, नाणे बरोबर वाटोळे असेल, तर ते कंपनीचे आहे आणि त्यावरील वर्ष कालदर्शक नाही.

राणीच्या काळातही हे चालूच राहिले. १८४० सालचा रुपया १८६२ पर्यंत आणि १८६२ चा १८७४ पर्यंत त्याच सालाने निघत होता. १८६२ च्या मुंबईच्या रुपयांवर वर्षाखाली व आसपास बारीक टिंबे आढळतात. ठशाचा टवका उडाला किंवा धातूचा थेंब राहिला, असे त्यांचे स्पष्टीकरण ऐकायला मिळते. ती टिंबे मुद्दाम घातलेली असून नाणे प्रत्यक्षात कोणत्या वर्षी निघाले याचा तो टांकसाळीचा हिशेब आहे.

याहूनही मोठी गफलत फसली सनाची होते, आणि ती आपल्या भागाच्या इतिहासाशी थेट निगडित आहे. पुण्याच्या अंकुशी रुपयांवर फारसी आकड्यांत फसली वर्षे येतात. दख्खनच्या फसली सनात ५९० मिळविले की इसवी सन मिळतो. समजा आकडा १२३० वाचला. तो हिजरी धरला तर काळ येतो १८१४-१५, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई. फसली धरला तर येतो १८२०-२१, म्हणजे पेशवाई बुडून कंपनीचा अंमल बसल्यानंतरचा. एकच रुपया एका वाचनाने पेशव्यांचा ठरतो आणि दुसऱ्याने कंपनीचा. पुण्याच्या टांकसाळीत कंपनीने अंकुशी रुपया पुढेही पाडला, त्यामुळे दुसरे वाचन केवळ कागदावरची शक्यता नाही. येथे ना कोरणाऱ्याची चूक आहे, ना छाप मारणाऱ्याची.

आता छाप मारणाऱ्याच्या हातून होणाऱ्या खऱ्या चुका. घण दोनदा बसला आणि मध्ये चकती किंचित सरकली तर लेख दुहेरी उमटतो. दोन्ही प्रतिमा उठावाच्या असतात आणि पहिली दुसरीखाली दबलेली दिसते. आधीचे नाणे वरच्या ठशाला चिकटून राहिले व सिक्कचीच्या लक्षात आले नाही, तर पुढील चकतीच्या एका बाजूस खालच्या ठशाचा नेहमीसारखा उठाव येतो आणि दुसऱ्या बाजूस त्याच लेखाची उलटी, खोलगट प्रतिमा. हा प्रकार यंत्रावरही होतो आणि संग्राहकांत त्याला मोल आहे. म्हणूनच त्याची नक्कलही होते. चांगले नाणे शेगड्यात दुसऱ्या नाण्यावर दाबून खोलगट प्रतिमा काढतात. पण असे करताना मूळ बाजूचा लेख पुसट अवस्थेत तळाशी राहतो आणि पलीकडची बाजू चेपते. खऱ्या चुकीत त्या बाजूस दुसऱ्या कोणत्याही लेखाचा मागमूस नसतो.

यंत्राच्या नाण्यांसाठी एक ढोबळ नियम विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावा. ठशाला तडा गेला तर नाण्यावर उठावाची रेघ येते, कारण धातू त्या भेगेत शिरतो. ठशाच्या कडेचा तुकडा उडाला तर तेथे धातूचा फुगवटा येतो. नाण्यावरील ओरखडा मात्र नेहमी खोल असतो आणि त्याच्या दोन्ही काठांना सरकलेल्या धातूची बारीक वरंबी असते. उंच असेल तर टांकसाळीकडे पाहा, खोल असेल तर बाजाराकडे. याला अपवाद आहेत, ठशात मळ साचून अक्षर बुजणे हा त्यांतला नेहमीचा. तेथे अक्षर खोल नसते, नुसते उमटलेले नसते. चकती कापतानाच चंद्रकोरीसारखा तुकडा गेलेला असेल तर त्याच्या नेमक्या समोरची कड बहुधा अशक्त उमटते, कारण त्या दोन ठिकाणी कडेवर पुरेसा दाब बसत नाही. कानशीने घासलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते. दुहेरी धातूच्या दहा रुपयांच्या नाण्याचा मधला भाग काढून ते "टांकसाळीतून रिकामेच आले" असे सांगणाऱ्यांविषयी अधिक लिहीत नाही.

वापरणाऱ्यांच्या हातच्या खुणा सर्वांत दुर्लक्षित आहेत. संग्राहक त्यांना इजा म्हणतो आणि नाणे बाजूला सारतो. रुपयावर फुलाचे, चांदणीचे किंवा साध्या टिकलीचे बारीक ठोके असतात, ते सराफांचे. चांदी खरी आहे की आत तांबे आहे हे पाहण्यासाठी किंवा तपासल्याची खूण म्हणून ते मारलेले असत. कधी छिन्नीचा सरळ घावही दिसतो. असे ठोके टांकसाळीचे नाहीत याची ओळख सोपी आहे : ते अक्षराच्या उठावावरूनही निर्धास्त जातात. पण हे नाणे खजिन्यात पडून न राहता पेढीवर फिरले, याला त्याहून चांगला पुरावा नाही. दहा सराफांचे ठोके असलेला एक रुपया व्यापाराच्या इतिहासकाराला कोऱ्या रुपयापेक्षा अधिक सांगतो. भोक पाडलेल्या आणि कडी बसविलेल्या नाण्यांचेही तेच. व्हेनिसची डुकाटे महाराष्ट्रात पुतळ्या म्हणून गळ्यात आली. चार खलिफांची नावे असलेली चारयारी नाणी ताईत म्हणून बांधली गेली. कडी काढून टाकली तरी कडेवर डाख राहतो, आणि अंगावर घासल्याने एकच बाजू गुळगुळीत होते. चलनात झिजलेले नाणे दोन्ही बाजूंनी झिजते.

जी इजा केवळ नुकसान आहे ती म्हणजे स्वच्छता. चिंच, लिंबू किंवा तेजाब लावून लखलखीत केलेल्या नाण्यावरचा जुना थर जातो, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. हे खड्डे पुढे ओतीव नकलेच्या बुडबुड्यांसारखे दिसू लागतात आणि अस्सल नाणे खोटे ठरते.

आणखी दोन उदाहरणे, दोन्ही आपल्या डब्यांत सापडू शकतील अशी. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. हिंदू आणि मुसलमान दोघांनाही हे खटकले. सुमारे ९४ लाख रुपये छापले गेले होते. त्यांपैकी सात लाखांच्या आसपास चलनात गेले, उरलेले वितळविण्यात आले आणि १९१२ पासून हत्ती सुधारून घेण्यात आला. यात ठसा नीट होता, छापही नीट होता, चित्र मात्र फसले होते. तेव्हा याला टांकसाळीची चूक म्हणायचे की नाही याविषयी वाद होऊ शकतो. माझ्या मते तो आराखड्याचा दोष आहे आणि तसाच नोंदवावा. दुसरे उदाहरण हैदराबादचे. चारमिनार छापाच्या नाण्यांवर कमानीत मीर महबूब अली खान यांच्यासाठी "मीम" आणि मीर उस्मान अली खान यांच्यासाठी "ऐन" हे अक्षर आहे. १९११ मध्ये उस्मान अली खान गादीवर आल्यानंतरच्या पहिल्या नाण्यांवर हा ऐन अपुरा, नुसता आरंभीच्या वळणाचा आहे. नंतरच्या ठशांत तो पूर्ण काढलेला आहे. पहिला प्रकार "बुजलेल्या ठशाची चूक" म्हणून दाखविला जातो. ते दोन वेगळे ठसे आहेत. तसेच १८५७ नंतरच्या हैदराबादी नाण्यांवर येणारा ९२ हा आकडा वर्ष नव्हे. अबजद पद्धतीने मीम ४०, हे ८, मीम ४० आणि दाल ४ मिळून "मुहम्मद" या नावाची ती बेरीज आहे.

महाविद्यालयाच्या नोंदवहीत नाणे चढविताना "खराब" किंवा "चुकीचे" हे शब्द टाळावेत. आधी वजन लिहावे. हाली रुपया ११.१८ ग्रॅमच्या आसपास, १८३५ नंतरचा कंपनीचा रुपया ११.६६ च्या आसपास असायला हवा. छाप एका बाजूला सरकला तर वजन घटत नाही, कानस लागली तर घटते. नंतर दिसणारी अक्षरे जशी दिसतात तशी लिहावीत, न दिसणारी कंसात. वर्ष हिजरी, जुलूस की फसली हे वेगळे नोंदवावे आणि दोन वर्षे जुळत नसतील तर दोन्ही तशीच ठेवावीत. ठोका, भोक, डाख यांना स्वतंत्र रकाना असावा. नाणे धुऊ नये.